मागाची खोली आणि डोंगरावरची लॅब

आमच्या घरातला हातमाग बंद पडला तेव्हा मी शाळेत होते. माग मोडला नव्हता. साड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, सूत देणारा व्यापारी यायचा थांबला, आणि एक दिवस बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसतेच बसून राहिले. त्या उन्हाळ्यात कितीतरी संध्याकाळी आम्ही पेज आणि मिरचीच्या ठेच्यावर काढल्या. आईने सीताबर्डीतल्या एका दुकानाचं साड्यांना फॉल लावायचं काम धरलं. मग मामाने उमरेडहून एक म्हैस आणून दिली. तिला बांधायला जागा कुठे? खड्ड्यात मुरूम टाकून तो बुजवला, माग उचलून भिंतीला टेकवला, आणि बाबा जिथे साडीचे काठ विणायचे तिथे म्हैस उभी राहिली.

नागपुरातलं सक्करदऱ्याचं आमचं घर दोन खोल्यांचं, एकामागे एक. राहायच्या खोलीत जायचं तर मागाच्या खोलीतूनच जावं लागतं, दुसरं दार नाही. हे लक्षात असू द्या, कारण पुढची सगळी भानगड या एका दारामुळे झाली.

म्हशीच्या दोन म्हशी झाल्या आणि त्यांच्या दुधावर मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवूनच सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नोकरी लागली ती पार वरती, हिमालयाच्या अंगाला. निघायच्या दिवशी नागपूर स्टेशनवर आई गाडीच्या खिडकीत हात घालून माझं मनगट धरून उभी होती. बाबा जरा लांब, कुणाला तरी सोडायला आलेल्या परक्या माणसासारखे. गाडी हलली तेव्हा तेवढे चार शब्द बोलले, "तिकडं जनावराचंच काम हाये ना? मंग बरं. आपल्या म्हशीले काही झालं तं पहिले तुलेच फोन करीन." आई म्हणाली, "स्वेटर घालजो वं." एवढाच निरोप. माझी भीती मात्र वेगळीच होती. मला वाटत होतं, तिथे गेल्यावर कळेल की मला काहीच येत नाही, आणि हे लोक मला परत पाठवतील.

परत कुणी पाठवलं नाही. पण ती भीती गेली आणि दुसरी आली.

आमची लॅब इंग्रजांच्या काळातली. सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा म्हणून त्यांनी ती डोंगरमाथ्यावर बांधली, मुद्दाम वस्तीपासून दूर, भोवती जंगल ठेवून. तेव्हा देशभर बुळकांडीने गुरं पटापट मरायची. इथे बैलांना जाणूनबुजून तो रोग देत, जो बैल टिके त्याच्या रक्तातून रोग रोखणारं सीरम काढत, आणि बाटल्या भरून खाली मैदानात पाठवत. सीरम टिकायला थंडी लागायची, ती इथे फुकटची, म्हणून जागा डोंगरावरची. काळ्या दगडाच्या त्या इमारती अजून उभ्या आहेत. बैल बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच आहेत. बुळकांडी जगातून गेली. आता माझ्या विभागात लाळ्या-खुरकूत येतो. कुठल्यातरी गावातल्या गाईच्या तोंडातल्या फोडाचा तुकडा बर्फात बसून आमच्याकडे येतो, आणि त्यात विषाणू आहे का, असला तर कुठल्या जातीचा, हे आम्ही सांगतो.

या रोगाने मोठं जनावर सहसा मरत नाही. पण तोंड, जीभ, खूर फोडांनी भरतात, खाणं सुटतं, दूध आटतं, आणि पिल्लू असेल तर ते हातचं जातं. विषाणू माणसाला फारसा त्रास देत नाही, मात्र माणसाच्या कपड्यावर, बुटावर बसून प्रवास करतो. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे आणि तो सही घेऊन सांगतात. आत जाताना अंगावरचे कपडे बाहेरच्या खोलीत काढून ठेवायचे, येताना आंघोळ करूनच यायचं. शिवाय ठरावीक दिवस उलटेपर्यंत खुराच्या जनावराजवळ जायचं नाही, आणि जिथे जनावर बांधलंय त्या घरात पाय ठेवायचा नाही.

आता ते एक दार आठवा.

पहिल्या सुट्टीत मी नागपूरला उतरले आणि घरी न जाता तडक जवळच्या कळमेश्वरला गेले. तिथे माझी मावशी राहते. मावसभाऊ एमआयडीसीत कामाला, बिल्डिंगमधला फ्लॅट, जनावराचा संबंध नाही. नियमाचे दिवस तिथे काढायचे आणि मग घरी जायचं, असं मी ठरवलं होतं. आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमचं घर आता लहान पडते काय तुले?"

"आई, तसं नाही गं. म्हशी आहेत ना."

"म्हशी काय आज आल्या? त्याइच्याच दुधावर मोठी झाली तू."

दुसऱ्या दिवशी बाबा बसने कळमेश्वरला आले. मी आंघोळीला गेले होते. खुर्चीवर माझी लोकरीची शाल पडली होती. वरती एका पहाडी बाईकडून घेतलेली, रोज लॅबला जाताना अंगावर असायची आणि त्या बाहेरच्या खोलीत खुंटीला लटकायची. आता विणकराच्या जातीचा माणूस आणि समोर हातविणीचं कापड. बाबा ते हात न लावता सोडतील काय? मावशीने मग सांगितलं, "भाऊजीनं ते शाल उजेडात धरली, उलटी केली, सूत चिमटीत घेऊन चोळलं, नाकाले लावली. म्हणे, टकळीवरचं सूत हाये हे, गल्लीतल्या बुढ्यांले दाखवून आणतो."

मी बाहेर आले तेव्हा बाबा होते, चहा प्यायलो, बोललो. शाल त्यांच्या पिशवीत गेली होती हे मला कळलंच नाही. माझं सामान घरी नेऊ नका, बॅग मावशीकडेच राहू दे, असं मी सांगून ठेवलं होतं. कापड हे सामानात मोडतं, असं बाबांच्या डोक्यात कधी आलंच नसेल.

संध्याकाळी आईचा फोन. आवाजात लाड. "तुह्या शालीत वगार कशी गुमान निजली पाहाय. थंडी वाजून राहिली होती तिले, तुह्या बाबानं पांघरली."

वगार म्हणजे मोठ्या म्हशीचं नवं पिल्लू. मी फोनवर ओरडलेच.

"आई, काढ ती. आत्ताच्या आत्ता. धुण्याच्या सोड्यात उकळायला टाक."

मागून बाबांचा आवाज आला, "लोकर कोनी उकळते काय? मरून जाईन ते शाल. एम.एस्सी. झाली, पन कापडाची अक्कल नाही पोट्टीले."

त्यांनी शाल काढली, पण उकळली नाही. सकाळी उन्हात दोरीवर टाकली. आणि आमच्या म्हशींना खुरकुताची लसही टोचलेली नव्हती. लस टोचली की दूध कमी होतं, या समजुतीने सरकारी माणसं आली की अख्खी गल्ली जनावरं लपवायची, त्यात बाबा पुढे.

त्यानंतरचे दिवस मी मावशीच्या बाल्कनीत फोन हातात धरून काढले. मावशी म्हणायची, "जेव ना वं, म्हशीनं खाणं सोडलं नाही तं तू काहून सोडलं?" आणि मग एका सकाळी म्हशीने खरंच सोडलं. बाबांचा फोन आला. "लाळ गाळून राहिली. वैरणीले तोंड लावत नाही."

मी वरती लॅबच्या साहेबांना फोन केला. लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण नंबर आधीच लावून झाला होता. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली. म्हणाले, शक्यता फार कमी आहे, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. सरकारी डॉक्टर बोलवा, नमुना घ्या, आणि तुम्ही दारात जाऊ नका.

तरी मी सक्करदऱ्याला गेले. गल्लीच्या तोंडाशी, पानठेल्याजवळ उभी राहिले. तिथून आमचं दार दिसतं. आई ओट्यावर उभी होती, मधे अख्खी गल्ली. समोरची काकू पाणी भरता भरता मोठ्याने म्हणाली, "साहेबीन झाली बापा तुमची पोट्टी. शेणाचा वास येते तिले आता." आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. मला ओरडून म्हणाली, "तितंच राह्य! पुढं येऊ नको!" आई मला पुढे येऊ नको म्हणाली, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

डॉक्टर आत गेले. गल्लीत त्या वेळी किती दावणी होत्या, कुणाकुणाच्या घरची चूल दुधावर पेटत होती, हे मला एकेक दार पाहून आठवत होतं. मी पहिली शिकलेली, आणि शिकून मी यांच्यासाठी काय घेऊन आले, हा विचार काही केल्या जाईना.

डॉक्टर बाहेर आले, बूट औषधात बुडवले आणि मला हाक मारून म्हणाले, जिभेवर फोड नाही, खुरात नाही. हिरडीत बाभळीचा काटा रुतला होता, काढला. नमुना घेतलाय, पक्कं लॅबच सांगेल.

पक्कं कळेपर्यंत परत वाट पाहणं आलं. पण त्या दिवशी बाबांनी कुणाला न सांगता चुलीवर पातेलं चढवलं आणि सोडा टाकून शाल उकळली. ती आकसून पोतेऱ्याएवढी झाली. फोनवर ते म्हणाले, "मारली म्या ते. तुह्या नियमापायी." आणि मग, "नियम चांगला हाये."

नमुन्यात काही निघालं नाही. लसीची गाडी पुढच्या वेळी आली तेव्हा बाबांनी दोन्ही म्हशी आणि वगार स्वतः रस्त्यावर आणून उभ्या केल्या. समोरच्या काकूने टोमणा मारला, "दूध आटलं तं पोरगी पाठवन काय पैसे?" बाबा म्हणाले, "तुह्यी म्हैस आन आधी, मंग बोल."

जे घर सोडून गेले त्यांना आणि जे मागे राहिले त्यांना सांगते, भीती गेलेली नाही. अजूनही नागपूरचा फोन अवेळी वाजला की मी आधी म्हशींचं विचारते, मग माणसांचं. पूर्वी घर म्हणजे जिथे न विचारता आत शिरायचं ती जागा होती. आता घर म्हणजे ज्यांच्यासाठी मी बाहेर थांबते ते लोक. आणि थांबायचं हे आता मला एकटीला ठरवावं लागत नाही. नियमाचे दिवस भरले की नाही, हे आईच मोजते.

मी नोकरीत कायम झाले. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत आज लस न टोचलेलं एकही जनावर नाही.