जलजाक्काचा हरवलेला अर्ज

कारकळच्या काजूच्या कारखान्यात जलजाक्का बंगेराचा हात असा बसला होता, की गरांची रास टेबलावर ओतली की पापणी लवायच्या आत अख्खे एकीकडे, पाकळ्या दुसरीकडे, डागी तिसरीकडे. सत्तावीस वर्षं हेच. तोंडही तेवढंच चालायचं. त्याची प्रतवारी करायची छाती मात्र कोणाची झाली नाही.

या हातानंच तिचा घात केला. तिला सुपरवायझर व्हायचं होतं आणि मॅनेजर मोनप्पा आळ्वांचा हिशोब सोपा होता: ही खुर्चीवर गेली तर टेबलाशी बसणार कोण? शाबासकी मिळायची तिच्या बोटांमुळे आणि ती घ्यायला मंगळूरच्या हेडऑफिसात जायचे आळ्व. म्हणून दर मार्चमध्ये तिचा अर्ज मंगळूरला निघण्याआधीच हरवायचा. पहिल्या वर्षी कुठं ठेवला ते आठवेना. दुसऱ्या वर्षी उंदरांनी खाल्ला. तिसऱ्या वर्षी उंदीरही कंटाळले असावेत, कारण आळ्वांनी नुसतेच हात झटकले.

यंदा तिची पन्नास वर्षं भरणार होती आणि पन्नाशीनंतर अर्ज घेत नसत. त्यात संध्याकाळी तिला डागी गर आणि चांगला गर सारखाच दिसायला लागला होता. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. फार भ्यायली होती बाई. चौथा अर्ज देऊन आठवडा झाला तशी ती विचारायला गेली.

"अर्ज? कुठला गं अर्ज?" आळ्व म्हणाले.

"धनी, एक गर पदरात गेला तर आमची झडती होते. माझे तीन कागद गिळलेत, तुमची झडती कोणी घ्यायची?"

"जीभ सांभाळ, जलजा. हरवला म्हणजे हरवला."

"नक्की हरवला?"

"किती वेळा सांगू?"

"मग झालं तर."

ती तडक अंगणात गेली. साठ बायका डबे उघडून बसल्या होत्या.

"ऐका गं सगळ्या! माझा अर्ज हरवलाय, धनीच म्हणतात. कोरगज्जा, सापडला तर तुला बाटली, चकल्या आणि विडा. आणि कोणी मुद्दाम दडवला असेल, तर अज्जा, त्याचं काय करायचं ते तू बघ!"

हरवलेलं शोधून देण्यात हा अज्जा, तिकडचा जागता देव, पोलिसांच्या वरताण, आणि दडवणाऱ्याला तो सोडत नाही हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आळ्वांनी तर गेल्याच वर्षी त्याला चकल्या कबूल करून हरवलेली अंगठी मिळवली होती. खिडकीत जेवता जेवता त्यांनी हे सगळं ऐकलं आणि डबा तसाच बंद केला.

त्याच दिवशी त्यांची स्कूटर पंक्चर झाली. दुसऱ्या दिवशी दाढ सुजली. तिसऱ्या दिवशी माडावरून नारळ पडला तो हातभर अंतरावर. एरवी हे सगळं महिन्यातून एकदा व्हायचंच, पण आता ते मोजायला लागले होते. चौथ्या दिवशी अर्ज सापडला. एक नाही, चारही. पिशवीत, सुतळीनं बांधलेले, उंदराचा दात न लागलेले.

"कपाटामागे होते," आळ्व सुजल्या गालातून म्हणाले. "नवस कधी फेडतेस? आजच फेड की."

"मंगळूरला पोचू देत आधी."

ते स्वतः बसनं जाऊन देऊन आले.

जूनमध्ये जलजाक्का खुर्चीत बसली. अज्जाला त्याची बाटली पोचली.

पुढच्या मार्चमध्ये तिच्या टेबलावरची कुसुमा अर्ज घेऊन आली; आळ्व आता अर्जांना हात लावत नसत, ते जलजाक्काकडेच यायचे. एका टेबलाची सुपरवायझरची जागा निघाली होती आणि कारखान्यात आता तिच्याइतका चलाख हात दुसरा नव्हता. जलजाक्कानं अर्ज वाचला. ही उठली तर टेबलाशी बसणार कोण? हे आपणच म्हणतोय हे ध्यानात येईपर्यंत कागद खणात जाऊन खण बंदही झाला होता.

"अक्का," कुसुमा गोड आवाजात म्हणाली, "आज बाजार आहे. चकल्या आणून ठेवू का?"

जलजाक्कानं लगेच खण उघडला.