पालम ते येलदरी, अन् लेकीच्या डोक्यावरचा हात

रातभर डोळा लागला न्हाई. काल दादाला शपथ घातली अन् त्यानं ती घेतली, म्हणून.

दादा माझा मोठा भाऊ, जिंतूरला वकील. येलदरीच्या धरणावर मासे न्यायला आलेल्या गर्दीनं अडवणाऱ्या राखणदाराला दगडं मारली. त्यानं काठी फिरवली, एक माणूस मेला. राखणदाराचं वकीलपत्र कोणीच घेईना, दादानं घेतलं. मग दादाच्याच खिडकीवर दगड आला. ते ऐकलं अन् लेकीला कडंवर घेऊन मी निघाले.

पालमहून सकाळचीच एसटी धरा, बायांला अर्धं तिकीट हाय. परभणीला गाडी बदला. भाकर सोबत ठेवा, लेकरू असलं तर जास्तच.

दादानं आमाला धरणावर नेलं. पाणी लय शांत. गरम तळलेले मासे घेतले, काटे काढून लेकीला भरवले.

"दादा, सोड ती केस."

"अगं, अमेरिकेत इंग्रजाचं राज होतं तवा एक वकील होता. इंग्रजाच्या शिपायांनी गर्दीवर गोळ्या घातल्या, माणसं मेली. शिपायांचं वकीलपत्र ह्यानं घेतलं. लोकांनी लय शिव्या घातल्या. पुढं त्यालाच देशाचा अध्यक्ष केलं."

"त्याला बहीण नसंल," म्या म्हणलं अन् त्याचा हात धरून लेकीच्या डोक्यावर ठेवला. "सोडतो म्हण."

त्यानं हात काढून घ्यायला बघितला, म्या दाबून धरला. मग म्हणला, "सोडतो."

घरी आलो तर राखणदाराची बायको दारात, कडंवर लेकरू. दादा खाली बघून म्हणला, "ताई, दुसरा वकील बघा."

ती रडली न्हाई, भांडली न्हाई. "लेकराला पाणी मिळंल का?" म्हणली. तांब्या म्याच दिला. लेकरू माझ्या लेकीएवढंच. अर्धं पाणी अंगावर सांडलं त्यानं, तिनं पदरानं पुसलं अन् गेली.

परतीच्या गाडीत लेक मांडीवर निजली. मला मात्र तो तांब्याच दिसायलाय.

धरण बघायला जा, चांगलं हाय. पर आधी माझं एक काम करा. आमच्यात शपथ ज्यानं घातली त्यानंच सोडायची असती. सकाळपासून फोन लावायलेय, माझा नंबर बघून दादा उचलंना. उद्या अकराला तो कोर्टात वकीलपत्र माघारी घेणार. भ्या अजून वाटतंच. तरी तुमच्यात कोणापाशी त्याचा नंबर असंल तर आत्ताच लावा. एवढंच सांगा, बहीण म्हणली, शपथ सुटली.