काठीला लागणारे दिवस

बिलियर्डसारखा टेबलावरचा पूल खेळायच्या काठ्या करणं हा आमचा मूळ धंदा नव्हेच. वडील कातारी. मल्लेश्वरमच्या आमच्या दुकानात ते पाळण्याचे खांब आणि लाटणी लेथवर कातायचे. नव्वद सालच्या सुमारास गावात पूलची पार्लरं निघाली, लोक आपल्या मापाच्या काठ्या मागायला लागले आणि मी त्यात अडकलो.

काठी एका दमात कातली की वाकते. थोडी कातायची, तुळईला दोरीने उभी टांगायची, पंधरा दिवस हात लावायचा नाही. मग पुन्हा थोडी कातायची. असं पाच वेळा. आगाऊ रक्कम घेतानाच मी हे सगळं सांगत असे. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि आठव्या दिवशी दारात हजर. तेच तेच सांगून माझं डोकं उठायचं.

एक गृहस्थ मात्र वेगळे निघाले. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या या कानडी गावातले मराठी, कारखान्यात प्रेसवर कामाला. उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेलेली. साधी काठी त्यांच्या हातात फिरायची, म्हणून त्यांना मागून जाड, चपटी मूठ हवी होती. दोन महिन्यांनी कारखान्याच्या कामगार क्लबात सामने होते आणि त्याच महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. म्हणजे सामन्यात उतरायची ही शेवटची संधी. मी अर्धे पैसे मागितले, त्यांनी सगळे ठेवले. मला ते आवडलं नाही. पाच टांगण्यांना अडीच महिने लागतात, पण सगळे पैसे देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

ते दर गुरुवारी यायचे. स्टुलावर बसून टांगलेल्या काठीकडे बघायचे. घाई करा असं एकदाही म्हणाले नाहीत. खरं सांगतो, त्या गप्प बसण्याचाच मला जास्त वैताग यायचा. भांडणाऱ्याला निदान उलटून बोलता येतं.

सामन्याला चार दिवस उरले तेव्हा काठीची शेवटची टांगणी बाकी होती. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "सरी अण्णा, ठीक आहे. तुम्हाला पटेल तसं करा." आणि उठून चालायला लागले. मी त्यांना हाक मारून थांबवलं. दयेने नव्हे, मला ते प्रकरण संपवायचं होतं. त्याच दुपारी काठी कातून, पॉलिश करून हातात दिली. ते इतके हरखले की मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या गुरुवारी ते काठी घेऊन आले. मी ती फळीवर लोळवली. मधोमध काठीखालून उजेड दिसत होता, म्हणजे ती वाकली होती. पहिल्याच सामन्यात ते हरले होते.

"तुम्ही सांगितलं होतं की, अण्णा," ते म्हणाले. "मीच तोंड पाडून बसलो असेन."

चूक माझी होती आणि तेच माझी समजूत घालत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी करून देतो, पैसे नकोत, असं मी म्हटलं. "करा," ते म्हणाले. "आता काय घाई नाही. स्वल्प निवांतच करा."

ती मी पाचांच्या जागी सहा वेळा टांगली. ते मात्र गुरुवारचे येईनासे झाले. शेवटी मीच निरोप धाडला. आले, मूठ पकडली. तीन बोटांत काठी अशी बसली की जराही हलेना. फळीवर लोळवली, कुठेही उजेड नाही.

"आता क्लबात दाखवा सगळ्यांना," मी म्हणालो.

"क्लब कामावरच्यांचा, अण्णा. निवृत्त माणसाला गेटातून आत घेत नाहीत. आणि पार्लरात त्या पोरांच्यात कुठं जाऊ?"

सामने संपले हे मला ठाऊक होतं, पण गेटही बंद होणार एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी लेथशेजारचा पाळण्याच्या खांबावरचा एक लाकडी गोळा उचलला, फळीवर ठेवला आणि वाकून, नेम धरून एकच फटका मारला. गोळा फळीच्या टोकापर्यंत सरळ गेला आणि खाली पडला. मी तो उचलून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला.