कडुनिंबाचा बत्ता

रिटायर झालेल्या बाईला आमच्या जळगावात लोक न विचारता सल्ले देतात. भजनी मंडळ, योगासनं, नातवंडं. मला नातवंडं नाहीत, भजनात माझा सूर लागत नाही, आणि पहाटे बागेत जमून मोठमोठ्याने खोटं हसणारी मंडळी पाहिली की मला खरंच हसू येतं, ते त्यांना आवडत नाही. म्हणून मी धुळ्याला भावाकडे गेले आणि वडिलांचं लाकूड खरादायचं मशीन टेम्पोत घालून घेऊन आले. भावाने त्यावर कुंड्या मांडल्या होत्या. मशीन नेतेय म्हटल्यावर त्याने एकच चिंता बोलून दाखवली, आता कुंड्या कुठे ठेवू.

वडील जिनिंगच्या ऑफिसात कारकून होते. संध्याकाळी घरी आले की चहा पिऊन ते ओसरीवरच्या मशीनला बसत. लाकडाचा तुकडा गरगर फिरायचा, वडील त्यावर पटाशी टेकवायचे आणि त्याचं लाटणं व्हायचं, नाहीतर पाळण्याचा खांब, नाहीतर भोवरा. भाऊ मशीनच्या आवाजाला घाबरायचा, त्यामुळे ही विद्या माझ्याकडे आली. मी काही केलं की वडील डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवत. जमलं असेल तर वस्तू फळीवर जायची, एक शब्द न बोलता. जमलं नसेल तर सकाळी पाणी तापवायच्या बंबात. आमच्या घरच्या कितीतरी आंघोळी माझ्या चुकांवर झाल्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण फळीवर गेलेल्या वस्तू आई रोज वापरायची.

मग लग्न, जळगाव, शाळेत गणिताचे तास, आणि सगळं सुटलं ते सुटलंच.

इतक्या वर्षांनी मशीन सुरू केलं तेव्हा कळलं की हात सगळं विसरलेत. पटाशी रुतायची, लाकूड फाटायचं, एकदा एक ढलपी कानाजवळून गेली. नवऱ्याने दारातून "जपून" म्हटलं आणि परत पेपरात डोकं घातलं. इंटरनेटवर पाहिलं तर तिथे दाढीवाले पुरुष कोऱ्या एप्रनमध्ये हसत हसत वाडगे करत होते. भुशाचा एक कण त्यांच्या दाढीत दिसत नव्हता. मी हार्डवेअरच्या दुकानात पटाश्या घ्यायला गेले, तर मालक म्हणाला, "मॅडम, सरांना पाठवा ना, त्यांना दाखवतो." आमच्या सरांना खिळा भिंतीत सरळ ठोकता येत नाही, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

पण हे सगळं परवडलं. न परवडणारी गोष्ट म्हणजे पाहुणे. माझा पहिला वाडगा एका बाजूला इतका कलला होता की त्यात लिंबू ठेवलं तर तेही लाजेल. तो पाहून घरात येणारा प्रत्येकजण म्हणाला, "अय्या, किती सुंदर. छान, वेळ जातो ना." वेळ जातो. हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले की मला ते झोपेत ऐकू यायला लागले. मी वर्गात कधी चुकलेल्या गणिताला "छान, वेळ गेला ना" म्हटलं नाही. नवऱ्याने तो वाडगा शोकेसमध्ये ठेवला, महाबळेश्वरहून आणलेल्या शंखांच्या गणपतीशेजारी.

शेवटी मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मुद्दाम मधे जाड आणि टोकाला वाकडं असं एक लाटणं केलं आणि शेजारणीला दिलं. त्या लाटण्याने पोळी लाटली असती तर तिचा महाराष्ट्राचा नकाशा झाला असता. चार दिवसांनी त्यांच्याकडे गेले, तर ते लाटणं हॉलच्या भिंतीवर, लाल रिबीन बांधून. "इतकी छान वस्तू स्वयंपाकघरात कशाला खराब करायची," त्या म्हणाल्या. मी घरी येऊन रडले. राग येऊन रडले म्हणा हवं तर. मला एवढंच हवं होतं की मी केलेली एखादी वस्तू कुणाच्या तरी हातात राबावी. ती वाईट निघाली तर त्या माणसाने माझ्यावर चिडावं.

थंडी पडली की आमच्या सासरी एरंडोलजवळच्या शेतात भरिताची पार्टी होते. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलायची आणि बडगीत, म्हणजे लांबट लाकडी पात्रात, बत्त्याने ठेचायची. हे काम माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. त्या नरडाण्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, तोंडाने फटकळ, आणि भरिताच्या बाबतीत दुसऱ्या कुणाला बडगीच्या जवळ येऊ देत नाहीत. मागच्या पार्टीत त्यांचा जुना बत्ता चिरला होता. नवा मी करते, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आमच्या फाटकासमोर वायरमनने तारांना लागणारी कडुनिंबाची फांदी तोडून टाकली होती. चांगली मांडीएवढी जाड. वडील लाकूड आणलं की वर्षभर पलंगाखाली वाळवत, आणि मी घाई केली की म्हणत, लाकडाला अजून झाड असल्यासारखं वाटतंय. हे सगळं मला आठवत होतं. पण पार्टी पंधरवड्यावर आली होती. साल काढली की झालं, वरून तेल पाजलं की रस बाहेर येणार नाही, असं मी स्वतःला पटवलं. ओलं लाकूड पटाशीखाली लोण्यासारखं सुटत होतं. बत्ता इतका देखणा झाला की मी त्यावरून स्वतःच अंगठा फिरवला. वस्तू न वापरता तिच्या नुसत्या दिसण्याला छान म्हणणाऱ्या लोकांवर चिडत होते, आणि मीही आता त्यांच्यातलीच झाले होते.

शेतात पंगत बसली. जाऊबाई वाढत होत्या, त्या शेवटी जेवणार. मी पहिला घास घेतला आणि तिथेच थांबले. गरम वांग्याने ओल्या निंबाचा सगळा रस ओढून घेतला होता. इतकं कडू भरीत खानदेशात आजवर कुणी खाल्लं नसेल. मी पंगतीकडे पाहिलं. सगळे खाली मान घालून घास गिळत होते. माझे मधले दीर म्हणाले, "वा, वेगळीच चव आलीय." एकीने पुरीखाली भरीत लपवून ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. नवरा म्हणाला, "बत्ता हिने केलाय बरं का." यावर दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. मला त्या क्षणी त्या सगळ्यांची किळस आली.

जाऊबाईंनी पातेल्यातलं बोटभर भरीत चाटलं. थुंकल्या. बडगीतला बत्ता उचलून नाकाशी नेला.

"निंबनं शे ना हाई? आनि वल्लं." मग सगळ्या पंगतीकडे वळून, "बठ्ठासना तोंड शिवेल शेतस का? कडू शे त कडू सांगानं नही का?"

त्यांनी बत्ता चुलीतल्या जाळात टाकला. ओलं लाकूड धुमसायला लागलं आणि सगळ्या पंगतीच्या डोळ्यांत धूर गेला. दीर "राहू द्या हो वहिनी, हौसेने केलंय तिने" असं म्हणाले, तर त्यांच्याकडे न पाहता जाऊबाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि स्वतःची मूठ वळून दाखवली.

"बत्तानी मूठ जाडी व्हती. मना हातमा बसत नव्हती. पुढला साले बाभूयनं करजो, वाळेल. आनि इतलीच जाड."

मी त्यांची मूठ हातात घेऊन माझ्या बोटांनी मापली. त्या तशाच बसून राहिल्या, माप होईपर्यंत.

परतीच्या रस्त्यावर नवरा गाडी चालवत होता. पारोळ्याकडे जाणारे ट्रक धडाधड समोरून जात होते. मग तो म्हणाला, "वहिनींनी सगळ्यांसमोर असं करायला नको होतं. तुझा एवढा वेळ गेला त्यात."

"बाभूळ वाळायला वर्ष लागतं," मी म्हटलं. "घरी गेल्यावर पलंगाखालच्या तुमच्या बॅगा काढा. तिथे लाकूड ठेवायचंय."