पदवी आणि सनद

कोल्हारच्या बसथांब्यासमोर माझ्या नातीचा फ्लेक्स लागला, तेव्हा तिचा प्रवेश झालेलाच नव्हता. संगणकाच्या करामतीने तिच्या डोक्यावर वैमानिकाची टोपी चढवलेली होती आणि खाली ‘गावच्या पहिल्या महिला वैमानिकाचे हार्दिक अभिनंदन’ असे छापले होते. प्रत्यक्षात विचार चालला होता तो पुण्यातील एका खासगी संस्थेच्या विमान वाहतूक व्यवस्थापनाच्या पदवीचा. त्या अभ्यासक्रमात विमान चालवणे कोठेही नव्हते. मी त्याच दिवशी ग्रामपंचायतीस फ्लेक्स हटवण्याचा लेखी अर्ज दिला. चुकीच्या विधानास वेळीच हरकत घेतली नाही, तर ती मूक संमती ठरते.

परतताना शेजारचा शेतकरी कांद्याच्या गोण्यांवरून ओरडला, “वकीलसाहेब, लई झ्याक झालं! नात इमान चालवनार, तुमी मागं बसा अन् सरकारला नोटिसा टाका!”

“ती विमान चालवणार नाही,” मी म्हणालो.

“आता न्हाई म्हनायचं व्हय? बोर्ड तर लागला!”

मी वकीलही नाही. दिवाणी न्यायालयात कारकुनी करताना संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मी कायद्याची पदवी घेतली. परंतु सरकारी नोकरीत असताना वकिलीची सनद मिळत नाही, आणि निवृत्तीनंतर मी ती मागितली नाही. सनदेवाचून न्यायालयात उभे राहता येत नाही, हे मी सर्वांस समजावत आलो आणि सर्व मला वकीलसाहेबच म्हणत आले.

शुल्कासाठी नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्याचा प्लॉट विकायचा, असे मुलाने ठरवले होते. तो तेथील कारखान्यात नोकरीस आहे, भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. घर बांधण्याकरिता घेतलेला तो प्लॉट माझ्या नावावर आहे. गिऱ्हाईक तयार होते. अडले होते माझ्या सहीपाशी.

“अण्णा, प्लॉट परत घेता येईल, पोरीचं वर्ष परत येणार नाही,” तो फोनवर म्हणाला. “सही करायची की मलाच नोटीस पाठवायची, ते एकदा ठरवा.”

नात बारावीपर्यंत आमच्याकडेच शिकली. शिर्डीला उतरणारी विमाने आमच्या गच्चीवरून खाली येताना दिसतात. ती वाळवण गोळा करायला म्हणून वर जाई आणि वाळवण तसेच ठेवून विमान दिसेनासे होईपर्यंत उभी राही. मला हे ठाऊक होते. म्हणूनच सही करवत नव्हती आणि नकारही देववत नव्हता.

शेवटी तिला घेऊन मी पुण्याला संस्थेच्या कार्यालयात गेलो. माहितीपत्रकात ‘नोकरीसाठी संपूर्ण साहाय्य’ असे शब्द होते. साहाय्य म्हणजे हमी नव्हे, हे वाचतानाच माझे डोके तापले होते. समोर एक तरुण समुपदेशक बाई बसल्या.

“या पदवीनंतर कोणता परवाना मिळतो?” मी विचारले.

“डिग्री मिळते ना, अंकल.”

“परवाना?”

“एव्हिएशन खूप मोठी इंडस्ट्री आहे, अंकल.”

मी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केले. विमानतळाच्या काउंटरमागे एक हसरी मुलगी उभी होती. “त्या जागेवर साध्या पदवीधर मुलीस घेत नाहीत, असे लेखी द्याल?”

बाई पाणी प्यायल्या. “घेतात. पण आमच्या मुलींना प्राधान्य असतं.”

“लेखी द्या.”

“अंकल, असं लेखी कोणीच देत नाही!”

मी विजयाने नातीकडे पाहिले. ती त्या चित्राकडे पाहत होती.

येताना एसटीत ती खिडकीला डोके टेकून बसली. घरी चपला काढताना म्हणाली, “अण्णा, तुमच्याकडे सनद नाही. मग तुमची पदवी वाया गेली का?”

अर्ध्या तालुक्याच्या हरकती मी लिहून दिल्या आहेत. उत्तर तयार असायला हवे होते. मी आधी दोघांच्या चपला जागेवर लावल्या, मग म्हणालो,

“वाया गेली नाही. पण तिच्यासाठी कोणी घराची जागा विकली नव्हती.”

“पण कोणी अडवलंही नव्हतं,” ती म्हणाली आणि वर गच्चीवर गेली.

दुसऱ्या दिवशी ती मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसली. “टॉवरमधून वैमानिकांना सूचना देतात ना, त्यांना भौतिकशास्त्राची साधी पदवी चालते असं दिसतंय. परवाना नोकरीत लागल्यावर मिळवायचा. खरं की खोटं, लेखी मागवा. नगरच्या कॉलेजात मी तोवर नाव घालते. पुण्याचं नाही करत. तुमचा प्लॉट राहू दे.”

मी विमान वाहतुकीच्या संबंधित कार्यालयास सविस्तर पत्र पाठवले, पोचपावती मागितली, स्मरणपत्रही धाडले. मधल्या काळात पुण्याच्या प्रवेशाची मुदत संपली. मुलाने सुप्याच्या गिऱ्हाइकास नकार कळवला आणि माझ्याशी बोलणे कमी केले. ग्रामपंचायतीने माझ्या अर्जावर काहीच केले नाही. फ्लेक्स वाऱ्याने एका बाजूने सुटला आहे आणि दिवसभर फडफडतो.

नात शनिवारी नगरहून येते. पिशवी खाली ठेवण्याआधीच दारातून माझ्याच भाषेत विचारते, “विहित मुदतीत उत्तर आलं का?”

आले नाही. एखाद्या कार्यालयाने उत्तर दिले नाही, तर त्याचे काय करायचे हे मला चांगले ठाऊक आहे. मात्र ते उत्तर नकाराचे आले, तर या मुलीपुढे काय मांडायचे, याचा मसुदा अजून जमलेला नाही. टपालवाल्याची सायकल दिसली की मी फाटकापर्यंत जातो.