घावन नंबर दोन

आमच्या भांडुपच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक जण राहतो. नाव नाही सांगत, लाजेल बिचारा. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणार, आणि काम सुरू करायच्या आधीच "झकास!" म्हणणार. कसलीही यादी असो, हा लॅपटॉप घेऊन हजर!

गेल्या वर्षी पाककलेच्या स्पर्धेत माझा नंबर होता दोन. एक नंबर झाला तसं मी गरमागरम घावन काढलं, तर हा माईकवर म्हणतो, "नंबर दहा!" मग अकरा, मग बारा... माझ्या घावनाचं इकडे चामडं झालं आणि पीठ उरलं एकाच घावनाचं. सतराला मी ओरडलेच, "अरे, तुझ्या शाळेत दोन शिकवलाच नाही काय रे?"

त्याने स्क्रीन पाहिला आणि माईकवरच खो खो हसत सुटला. "मावशी, वाट लागली! आकडे मी अक्षरं म्हणून भरले. मग हा लॅपटॉप ते शब्दकोशासारखे लावतो ना, एकने सुरू होणारे सगळे आधी. चूक माझीच!"

त्याने यादी आकड्यांप्रमाणे लावली, आणि परीक्षकांचे चमचे चक्क काढून घेतले. "मावशींचं ताजं घावन येईपर्यंत कोणी काही खायचं नाही."

बक्षीस नाही मिळालं, पण घावन वाफाळतं गेलं!

यंदा चिठ्ठी द्यायला आला. माझा नंबर सात, लिहिलेलं ०७.

"हे शून्य कशाला रे?"

"आता अक्षरं समजून लावले तरी तुम्ही दहाच्या आधीच, मावशी. झकास! माझा चष्मा पाहिलात कुठे?"