कुठं फ्रीज मारू?

माझे यजमान लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. जळगाव जामोदला बाजाराच्या रस्त्यावर खाली दुकान, वर आमचं घर. लग्नांचा सीझन सरला की ते दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसून शूटिंग जोडायचे. मी भाजी निवडायला शेजारीच बसत असे. पाठवणीच्या वेळी नवरी गाडीच्या दारात वळली, की ते विचारायचे, "सांग, कुठं फ्रीज मारू?"

"अजून जाऊ द्या... हां, अठी."

आणि नवरी तिथंच थांबायची.

फ्रीज फ्रेम म्हणजे फिल्म बंद पडते, असं मला आधी वाटायचं. ते हसले होते. "बंद कायले पडते? फिल्म म्हणजे एकामागं एक पळणारे फोटो. त्यातला एक धरायचा अन् तोच पुन्हा पुन्हा दाखवायचा. फिल्म चालूच असते, माणूस तेवढा थांबते." मागं गाणंही चालूच राहायचं. फ्रीज फार वापरू नये, असं त्यांचं मत. "पाहणाऱ्याले वाटलं पाहिजे, आता हे जाऊ नये. तिथंच मारायचा. नाहीतर लोकं म्हणतीन, डीव्हीडी अटकली."

ते गेले आणि दुकान बंद झालं. मुलगी नाशिकला असते. रोज फोन करून "जेवलीस का?" विचारते. मी हो म्हणते. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, हे तिला सांगत नाही. संध्याकाळी गच्चीवरून सातपुडा फार छान दिसतो, पण "या, बघा" म्हणून हाक मारायला घरात कोणी नाही.

मागच्या हिवाळ्यात खामगावहून एक बाई बसने आली. तिच्या लग्नाचं शूटिंग यांनीच केलेलं. वडील वारले होते, वर्षाचं पुण्यानुमोदन तोंडावर आलं होतं आणि घरात त्यांचा धड फोटो नव्हता.

"आधार कार्डावरचा हाय एक, पण त्यात बाबा ओळखूच येत नाहीत. काकू, लग्नातलं काही असंन का?"

मी दुकान उघडलं, धूळ पुसली. शूटिंग सापडलं. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या साडीत ती. वडील मात्र सगळीकडे पाठमोरे. कुठं खुर्च्या उचलताना, कुठं पाहुण्यांना पाणी देताना. शेवटी पाठवणीला ते मांडवाचा खांब धरून उभे होते. गाडी हलली आणि त्यांनी मान वर केली.

"हां, अठी," मी म्हणाले.

म्हणाले आणि मग उमगलं, की थांबवणारं शेजारी कोणी नाही. माऊस माझ्याच हातात होता. मी थोडं मागं नेलं आणि थांबवलं.

ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "मी गाडीत होती ना काकू. बाबा असे पाहून राह्यले होते, हे मले दिसलंच नाही."

पेन ड्राइव्हवर फोटो घेऊन ती गेली. मी तिथंच बसून राहिले. यांचे फोटो घरात आहेत, भिंतीवर हार घातलेलाही एक आहे. पण हलते-बोलते ते कुठंच नव्हते, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. दुसऱ्या दिवसापासून मी जुनं, न कापलेलं शूटिंग बघायला लागले. पुष्कळ दिवसांनी एका हळदीच्या मांडवात ते सापडले. कॅमेरा स्टँडवर ठेवून ते वायर सोडवायला पुढे आले होते. भिंगात बघून "चालू हाय काय बे?" असं कोणाला तरी विचारलं, आणि गेले.

मी थांबवलं. चेहरा फिसकटलेला. एक फ्रेम पुढे, एक मागे, सगळ्या तशाच. ते हलत होते ना. चालू सोडलं की मात्र अगदी तेच, एक खांदा पाडून चालणारे. मग थांबवायचा नाद मी सोडला.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला पाठव ना." पेन ड्राइव्हवर घालणं मला जमायचं, फोनवर पाठवता येत नव्हतं. उन्हाळ्यात येते, म्हणाली.

हल्ली दुपारी मी खालीच असते. परवा समोरच्या किराणावाल्यांनी विचारलं, "वहिनी, दुकान सुरू केलं काय?"

"नाही भाऊ," मी म्हटलं, "नुसती बसली हाय."